किनारा आराखडा: संरक्षक भिंत की खारफुटी?

नगररचनेत काम करणाऱ्या मैत्रिणीने विचारलं: शहराचा वीस वर्षांचा किनारा आराखडा सुधारायचा आहे, त्यात काँक्रीटची भिंत धरावी की खारफुटी?

आधी जागा. भिंतीला अरुंद पट्टा पुरतो. खारफुटीला मात्र मागे सरकायला मोकळी जमीन हवी. मागे रस्ता किंवा इमारती असतील तर चढत्या पाण्यात ती कोंडून मरते. ही जमीन आराखड्यात आजच राखली नाही, तर पुढे मिळणं जवळपास अशक्य. मला हाच कळीचा मुद्दा वाटतो.

टिकाऊपणाचं म्हणाल, तर 1901 ते 2018 या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे 20 सेंटीमीटरने वाढली. भिंतीची उंची बांधतानाच ठरते. खारफुटी गाळ धरून जमीन हळूहळू उंचावते, अर्थात गाळ येत राहिला आणि पाणी फार वेगाने चढलं नाही तरच. शिवाय भिंतीवर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू उपसते. पुळण झिजते, खेकड्या-पक्ष्यांचा आसराही जातो.

खर्च? भिंतीचा सुरुवातीलाच मोठा, मग डागडुजी. लागवड बहुधा स्वस्त. पण भरतीची पातळी चुकली तर रोपं मरतात, आणि जम बसायला वर्षं लागतात.

उघड्या समुद्राचा थेट मारा आणि मागे दाट वस्ती असेल, तर भिंतच. खाडी, नदीमुख, शांत पाणी आणि मागे मोकळी जमीन असेल, तर खारफुटी. थंड प्रदेशात ती वाढत नाही, तिथे खाऱ्या गवताची दलदल राखावी.