रीपरचा रिआकॉम्प: ड्रम्सच्या पॅरलल कॉम्प्रेशनला पुरतो का?

कॉकॉस कंपनीच्या रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरसोबत येणारा रिआकॉम्प हा कॉम्प्रेसर (मोठे आवाज दाबणारं प्लगइन) दिसायला जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसारखा रुक्ष आहे. पण त्यात वेट (दाबलेला आवाज) आणि ड्राय (मूळ आवाज) असे दोन स्वतंत्र फेडर आहेत, त्यामुळे पॅरलल कॉम्प्रेशनसाठी, म्हणजे मूळ आवाजात दाबलेला आवाज मिसळण्यासाठी, वेगळा ट्रॅकच लागत नाही.

ड्रम बसवर (सगळे ड्रम्स एकत्र येतात त्या ट्रॅकवर) लावल्यावर आधी ड्राय पूर्ण खाली घ्या, म्हणजे फक्त दाबलेला आवाज ऐकू येईल. रेशो (दाबण्याचं प्रमाण) 10:1, अटॅक (दाब बसायला लागणारा वेळ) 1 ते 3 मिलिसेकंद, रिलीज (दाब सुटायला लागणारा वेळ) 100 च्या आसपास. 120 बीपीएमला (मिनिटाला 120 ठोके) सिक्स्टीन्थ नोट, म्हणजे ठोक्याचा चौथा भाग, 125 मिलिसेकंदांची असते, तेवढ्यात गेन सावरायला हवा. आरएमएस साइज 0 करा, नाहीतर डिटेक्टर (आवाजाची पातळी मोजणारा भाग) सरासरी काढत बसतो आणि स्नेअरचा फटका निसटतो. थ्रेशोल्ड (ज्या पातळीच्या वर दाब सुरू होतो ती) इतका खाली न्या की 10 ते 15 डीबी दाब पडेल. मग ड्राय 0 वर आणून वेट तळापासून हळूहळू चढवा. घोस्ट नोट्स (स्नेअरचे हलके फटके) उठून आल्या की थांबा.

फसगत होते ती इथेच. थ्रेशोल्डखाली दोन्ही फेडरमधून तोच सिग्नल जातो, म्हणून दोन्ही 0 वर असतील तर आवाज 6 डीबीने वाढतो. एवढ्या वाढीव आवाजात काहीही छानच वाटणार! ऑटो मेकअप (दाबल्यावर आवाज आपोआप वाढवणारी सोय) बंद ठेवा आणि बायपासशी (प्लगइन बंद असतानाच्या आवाजाशी) लेव्हल जुळवूनच तुलना करा.

किकमुळे सगळा सेट हेलकावत असेल तर डिटेक्टरचा हायपास (खालचे सूर अडवणारा फिल्टर) 100 ते 120 हर्ट्झवर ठेवा. तो फक्त कॉम्प्रेसरच्या कानाला लागतो, आवाजातला बास जात नाही.

आता उणीव. दाबलेला आवाज वाढला की झांजा आणि हायहॅटची गळतीही (इतर ड्रम्सच्या माइकमध्ये शिरलेला आवाज) वर येते. (ढोल-ताशाच्या रेकॉर्डिंगमध्ये हेच काम ताशा करतो.) ती कापायला फक्त वेटवर ईक्यू (ठरावीक सूर कमीजास्त करणारं साधन) हवा, आणि तो एका इन्सर्टमध्ये (ट्रॅकवर थेट लावलेल्या एका प्लगइनमध्ये) लावता येत नाही. मग वेगळ्या ट्रॅकवर पोस्ट-फेडर सेंड (फेडरनंतरच्या आवाजाची प्रत), तिथे ड्राय बंद आणि कॉम्प्रेसरनंतर रिआईक्यू, म्हणजे रीपरचाच ईक्यू. 8 किलोहर्ट्झवर हाय शेल्फ (त्यावरचे सगळे सूर एकत्र कमीजास्त करणारा फिल्टर) 4-6 डीबी खाली घेतला की भागतं. तिथे 80 हर्ट्झचा हायपास मात्र टाळा: कटऑफजवळ फेज (ध्वनिलहरींचा ताळमेळ) सरकते, मूळ ड्रम्समध्ये मिसळल्यावर किक पोकळ होते. लिनिअर फेजचा (ताळमेळ न बिघडवणारा) रिआएफआयआर हा फिल्टर त्यावर उपाय आहे, पण तीव्र कापला तर फटक्याआधीच हलकी कुजबुज ऐकू येते.

जुन्या हार्डवेअरचा उबदार खरखरीतपणा यात शोधू नका, तो नाहीच. साफ, आज्ञाधारक कॉम्प्रेसर आहे. रीपर 60 दिवस वापरून पाहता येतं, सवलतीचा परवाना 60 डॉलरचा. दुसऱ्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या विंडोजवाल्यांना रिआप्लग्ज नावाचा संच फुकट मिळतो, त्यात रिआकॉम्प आणि रिआईक्यू दोन्ही आहेत.