२००९ सालच्या नेटबुकवर स्वतः बांधलेला कर्नल: आठ महिने वापरल्यावर

माझं नेटबुक एसर एस्पायर वन, ८.९ इंची पडद्याचं. ॲटम एन२७० प्रोसेसर, १ जीबी रॅम. मधे कधीतरी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, बाकी सगळं मूळचंच. ठाणे ते वाशी ट्रान्स-हार्बरने रोजचा अर्धा तास. खिडकीची जागा मिळाली की ते मांडीवर नीट मावतं, शेजारणीला कोपर लागत नाही. टिपणं लिहिणं, पीडीएफ वाचणं, घरच्या सर्व्हरवर एसएसएचने (दूरच्या यंत्रावर कमांड चालवण्याची सोय) डोकावणं, एवढंच काम. त्यासाठी नवा लॅपटॉप घ्यावा असं मला अजून एकदाही वाटलेलं नाही.

त्यावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आहे आणि तिचा तयार कर्नल (हार्डवेअर आणि प्रोग्रॅम यांना जोडणारा प्रणालीचा गाभा) छान चालत होता. मग स्वतःचा कशाला? एन२७० हा ३२ बिटचा प्रोसेसर. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट पीसीसाठी कर्नलही नाही आणि इन्स्टॉलरही नाही. म्हणजे पुढेमागे या यंत्राला कर्नल हवा तर तो आपणच बांधायचा. हे येणार हे कळलं होतं, म्हणून जूनमध्येच शिकायला बसले.

पहिली चूक म्हणजे नेटबुकवरच कंपाइल (मूळ कोडपासून कर्नल तयार) करायला घेतलं. कर्नलमध्ये काय काय असावं हे ठरवणारी डेबियनची कॉन्फिग फाइल जशीच्या तशी उचलली, शुक्रवारी रात्री मेक (बांधणीची कमांड) सुरू केलं, शनिवारी संध्याकाळी ते चालूच होतं आणि नेटबुक हाताला चटके देत होतं. बंद केलं. आता घरच्या डेस्कटॉपवर आर्किटेक्चर आय३८६ (म्हणजे ३२ बिट पीसी) सांगून बांधते, 'बिनडेब-पीकेजी'ने डेब फाइल (डेबियनवर बसवायचं पॅकेज) काढते आणि ती नेटबुकवर डीपीकेजीने बसवते. छाटलेली कॉन्फिग असेल तर चहा होईपर्यंत काम संपतं. दुसरं मशीन हाताशी नसेल तर या भानगडीत पडू नका, हे माझं स्पष्ट मत आहे.

छाटणी करते 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' ही कमांड. त्या क्षणी जी मॉड्यूल्स (कर्नलला जोडले जाणारे ड्रायव्हरसारखे तुकडे) लोड झालेली असतात तेवढीच ते ठेवतं, बाकी सगळी काढून टाकतं. हजारो ड्रायव्हर गळतात, आणि नेमकं इथेच पाय घसरतो. जुलैत आईला भजनी मंडळाची यादी छापून आणायची होती. तिने पेनड्राइव्ह लावला आणि हाक मारली, "अगं, हा दिसतच नाहीये, तू काय केलंस याला?" बांधताना पेनड्राइव्ह लावलेला नव्हता, त्यामुळे यूएसबी स्टोरेजचं मॉड्यूलच गेलं होतं. ते आणि व्हीफॅट (पेनड्राइव्हवरच्या फाइल वाचणारं मॉड्यूल) घालून पुन्हा बांधलं, तर पेनड्राइव्ह दिसायला लागला पण उघडेना. डीमेसेगमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांत, एक ओळ: कोडपेज सीपी४३७ सापडलं नाही. फॅट फाइल सिस्टीमला नावं वाचायला हे छोटंसं एनएलएस मॉड्यूल लागतं, आणि ते व्हीफॅटबरोबर आपोआप येत नाही. तोपर्यंत झेरॉक्सवाल्याने दुकान बंद केलं होतं. यादी मी रात्री हाताने लिहून दिली.

तेव्हापासून छाटणीआधी सगळं जोडून घेते: पेनड्राइव्ह प्रत्यक्ष उघडते, फोनचं यूएसबी टेदरिंग चालू करते, वेबकॅम, प्रिंटर, हेडफोन, सगळं. टेदरिंग विसरू नका. पावसाळ्यात ब्रॉडबँड गेलं की तोच आधार असतो.

मेमरीत जे मिळालं ते मला सगळ्यात आवडलं. नेहमीच्या ३२ बिट मांडणीत कर्नल थेट ८९६ एमबीपर्यंतच पोचतो, त्यावरची मेमरी 'हायमेम'च्या वळणाने वापरावी लागते. 'व्हीएमस्प्लिट ३जी ऑप्ट' हा पर्याय घेतला की पूर्ण १ जीबी थेट पोचेत येते आणि हायमेम बंद करता येतं. मात्र त्यासाठी पीएई (४ जीबीवरची मेमरी वापरण्याची सोय) सोडावं लागतं, आणि ३२ बिटमध्ये पीएई गेलं की एनएक्स संरक्षणही (डेटाच्या जागेतून कोड चालू न देणारं) जातं. म्हणून या नेटबुकवर मी बँकेचं काहीही करत नाही. मेल्टडाउन-स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटींची चिंता मात्र इथे नाही. हा ॲटम सूचना क्रमानेच चालवतो, पुढचं अंदाजाने आधी करून ठेवत नाही.

एसरएचडीएफ मॉड्यूलने पंख्याचा ताबा कर्नलकडे दिला आहे. ६५ अंशांना सुरू, ५८ ला बंद. एप्रिल-मेचं ठाणे अजून बघायचंय, तेव्हा आकडे बदलेन.

दिवाळीत कर्नल ६.१ वरून ६.१२ वर गेले. जुनी कॉन्फिग दिली, 'ओल्डडेफकॉन्फिग' चालवलं, नवीन प्रश्नांची ठरलेली उत्तरं त्याने स्वतःच भरली. सगळं सुरळीत. दोन दिवसांनी कोपरखैरणेच्या आसपास ब्राउझर अचानक बंद, मग पुन्हा बंद. घरी येऊन पाहिलं तर स्वॅप (रॅम भरल्यावर वापरायची जादा जागा) शून्य. माझा स्वॅप झेडरॅमवर असतो, म्हणजे रॅममध्येच दाबून ठेवलेला. ६.१२ मध्ये झेडरॅमच्या प्रत्येक कॉम्प्रेशन पद्धतीसाठी वेगळा पर्याय आला आहे. माझ्या कॉन्फिगमध्ये त्यातलं झेडस्टँडर्ड निवडलंच गेलं नव्हतं. झेडरॅम चालू करणारी माझी स्क्रिप्ट तेच मागत होती, मिळेना, आणि ती गुपचूप थांबत होती. १ जीबीच्या यंत्रात झेडरॅम नसणं म्हणजे काय ते त्या दोन दिवसांत कळलं. आता मोठ्या आवृत्तीला साधं 'ओल्डकॉन्फिग' वापरते आणि प्रत्येक प्रश्न वाचते. दीड तास जातो. जाऊ दे.

वेगाबद्दल कुणी फार मोठं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. घड्याळ लावून पाहिलं: बूट ५१ सेकंदांवरून ३६ वर आलं, तेही बरंचसं इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी लोड होणारी छोटी फाइल सिस्टीम) लहान झाल्यामुळे. ब्राउझर होता तितकाच संथ आहे. फरक पडला तो मेमरी भरत आल्यावर, ६.१ पासून आलेलं मल्टी-जेन एलआरयू (मेमरीतून आधी काय काढायचं ते ठरवणारी पद्धत) चालू ठेवलंय, आणि टॅब बदलताना पूर्वीसारखं ताटकळावं लागत नाही.

नवा कर्नल मी कधीच थेट मुख्य करत नाही. ग्रबमध्ये (कोणता कर्नल सुरू करायचा ते ठरवणारा बूटलोडर) डीफॉल्ट 'सेव्हड' ठेवलंय, 'ग्रब-रीबूट'ने नव्याला एकदाच संधी देते, आणि सोबत 'पॅनिक=१०'. रूट (मुख्य फाइल सिस्टीम) सापडली नाही म्हणून पॅनिक झालं, म्हणजे कर्नल पुढे जाऊच शकला नाही, तर दहा सेकंदांत आपोआप रीबूट होऊन जुना कर्नल परत येतो. हे दोनदा उपयोगी पडलं. प्रत्येक कॉन्फिग तारखेसकट गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणारं साधन) आहे, आणि कर्नलच्या नावाच्या शेवटी 'ठाणे' जोडलंय, म्हणजे कर्नलची आवृत्ती दाखवणाऱ्या 'यूनेम'मध्ये लगेच ओळखू येतो.

गेल्या रविवारी ६.१२ ची पुढची सुधारित आवृत्ती बसवली. टेदरिंग झालं, झाकण मिटून उघडल्यावर वायफाय आलं, स्वॅप दिसला. मग आईला बोलावलं. तिने स्वतःचा पेनड्राइव्ह लावला, हरिपाठाची फाइल उघडली, शेवटच्या पानापर्यंत गेली आणि "चालतंय" म्हणाली. त्यानंतरच मी जुना कर्नल काढला.