जहाज अडवून देणारे वकील: एका चँडलरचा अनुभव (पाचपैकी चार तारे)

आमचा धंदा शिप चँडलरचा. गोदीत लागलेल्या जहाजांना तांदूळ, भाजी, मटण, दोरखंड, रंग पुरवायचा. वडिलांपासून चालत आलेला. उधारी बुडण्याची सवय आहे, पण या वेळी आकडा 9 लाख 40 हजार होता आणि मालकाची ई-मेलची उत्तरं बंद झाली होती. सहा महिन्यांनी तेच जहाज पुन्हा मुंबईला येणार असं कळलं, तसा बॅलार्ड इस्टेटमधल्या एका वकील ऑफिसात गेलो. नाव लिहीत नाही, कारण पुढं थोडी तक्रारही आहे.

त्याआधी गोदीतल्या एकानं भलताच सल्ला दिला होता: ‘मर्कंटाइल मरीनच्या (जहाजांची सुरक्षा तपासणाऱ्या सरकारी खात्याच्या) सर्व्हेयरकडे तक्रार टाक, जहाज डिटेन होईल.’ वकीलबाई हसल्या. म्हणाल्या, सर्व्हेयर जहाज अडवतो ते लाइफबोटीचं इंजिन चालू होत नाही, आगीचे पंप बंद आहेत म्हणून. दुरुस्ती झाली की सोडतो. तुमच्या भाजीच्या बिलाशी त्याचा काय संबंध? बंदराला स्वतःच्या थकलेल्या भाड्यासाठी जहाज धरून ठेवायचा अधिकार आहे, तुम्हाला नाही. तुमच्यासाठी हायकोर्टच. 2017 चा ॲडमिरल्टी कायदा, जो 1 एप्रिल 2018 पासून लागू झाला, त्यात जहाजाला पुरवलेल्या किराण्याचं बिलही दाव्यात बसतं.

मग त्यांनी लगेच विचारलं, माल पोचवल्याच्या चलनावर कॅप्टनची सही आणि जहाजाचा शिक्का आहे का? ऑर्डर मालकाची की टाइम चार्टररची, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जहाज भाड्यानं घेणाऱ्याची? चार्टररची असेल तर मालकाचं जहाज धरून उपयोग नाही, दावा पहिल्याच तारखेला उडेल. आणि तेव्हाचा मालक आजही तोच आहे ना, हेही त्यांनी तपासलं. माझ्याकडे शिक्का होता, ऑर्डरही मालकाच्या ऑफिसची होती. दुसऱ्या कोणी फी घेऊन आधी दावा ठोकला असता, मग कागद बघितले असते.

घाईही होती. जहाज इथून कांडल्याला जाणार होतं. पूर्वी मुंबई हायकोर्टाचा जहाज अडवण्याचा हुकूम देशातल्या कुठल्याही बंदरात चालायचा. आता ज्या कोर्टाच्या हद्दीतल्या पाण्यात जहाज, त्याच कोर्टात जायचं. म्हणजे निसटलं की अहमदाबादचं तिकीट काढा. ऑफिसातल्या पोरांनी एका रात्रीत कागद तयार केले, सकाळी अर्जंट मेन्शनिंग केलं, म्हणजे कोर्टाकडे तातडीची सुनावणी मागितली, दुपारी हुकूम हातात. तो लगेच बंदराला आणि कस्टमला ई-मेलनं गेला. कस्टमच्या लेखी परवानगीशिवाय जहाज हलू शकत नाही, त्यामुळे रात्रीच्या भरतीला जहाज बाहेर काढणारा बंदराचा पायलट चढलाच नाही. वॉरंट घेऊन शेरीफच्या कचेरीचा माणूस लाँचनं गेला.

चौथ्या दिवशी मालकानं रक्कम कोर्टात भरली आणि जहाज सुटलं. मी घरी पेढे आणले. तिथंच फसलो. पैसे कोर्टात जमा झाले म्हणजे फक्त हमी मिळाली, दावा चालूच राहतो. शेवटी दोन महिन्यांनी तडजोडीत 8 लाख 70 हजार मिळाले. हे मला आधी कोणी बसवून सांगितलं नाही. आणि जहाजाची अटक, म्हणजे हे अडवणं, चुकीची ठरली तर नुकसानभरपाई मी देईन, अशा हमीपत्रावरही कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या सही घेतली. जहाजाचं एका दिवसाचं नुकसान माझ्या वर्षाच्या धंद्याएवढं असू शकतं! एक तारा त्यासाठी कापला. ‘किरकोळ खर्च’ म्हणून बिलात लावलेल्या आकड्यांचाही तपशील मागून घ्या, मागितला की देतात.

बुडीत कंपनीचं जहाज असेल तर मात्र बाई आधीच परत पाठवतात. कारण ते लिलावात विकलं गेलं तर खलाशांचे पगार आधी, मग बाकीचे लीन (जहाजावर कायद्यानं आधी बसणारे हक्क), मग बँकेचं तारण, आणि आपण चँडलर त्याच्याही मागे. माझ्या ओळखीतल्या एकाला त्यांनी असंच नाही म्हटलं, फी न घेता.

जाताना मूळ चलनं न्या, झेरॉक्सवर काम अडतं. आणि दुपारी एकनंतर जा, सकाळी सगळे कोर्टात असतात.