बँकॉकचा राजवाडा त्या दिवशी उघडाच होता

ग्रँड पॅलेसच्या भिंतीबाहेर कुणीही, अगदी कुणीही, "आज पॅलेस बंद आहे" असं म्हणालं तर थांबू नका. उत्तर देऊ नका, हसू नका, सरळ दरवाजापर्यंत चालत जा. एवढं एक वाक्य मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझे ९०,५३० रुपये ६२ पैसे वाचले असते. पैशासकट आकडा देतेय, कारण कार्डाच्या स्टेटमेंटवर तो तसाच छापून आलाय आणि गेले काही महिने मी तो रोज बघते.

मी सांगलीची. एका सहकारी संस्थेत एकवीस वर्षं हिशेब बघते. दुसऱ्यांची बिलं तपासणं, खोटी व्हाउचरं बाजूला काढणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे "अहो, तुम्हाला कळलं कसं नाही?" हा प्रश्न मला जरा जास्तच टोचतो. घरच्यांनी विचारून झालाय, ऑफिसमध्ये विचारून झालाय. कळलं नाही, कारण ही माणसं कळू नये म्हणूनच रोज सकाळी कामावर येतात. त्यांचा तो धंदा आहे. मी मात्र तिथे आयुष्यात पहिल्यांदा गेले होते.

२०२४ च्या नोव्हेंबरमधली गोष्ट. भिशी लागली होती, तेव्हा भारतीयांना थायलंडला व्हिसा लागत नव्हता, मुलगा म्हणाला, "आई, जाऊन ये एकटी." पाच दिवसांतले चार फार छान गेले. पाचवा पूर्ण दिवस जुन्या बँकॉकसाठी ठेवला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतीचं विमान.

सकाळी मेट्रोने सनाम चाय स्टेशनला उतरले. आठ वाजता वाट फो देवळात गेले, तिकीट ३०० बाथ. तिथली पहुडलेल्या बुद्धाची मूर्ती ४६ मीटर लांब आहे. तळपायांवर शिंपल्याच्या चकाकत्या कामात १०८ शुभचिन्हं काढलीत, आणि मागच्या बाजूला भिंतीकडेने १०८ पितळी वाडगे ओळीने मांडलेत. वीस बाथ देऊन छोट्या नाण्यांची वाटी घ्यायची आणि एकेका वाडग्यात एकेक नाणं टाकत जायचं. टिंग, टिंग, टिंग असा आवाज सगळ्या देवळात भरून राहतो. मी बाहेर पडले तेव्हा डोळे भरून आले होते. हे मुद्दाम सांगतेय. भोळसटपणामुळे मी फसले असं सगळे धरून चालतात, पण त्या वेळी माझं मन देवळातून बाहेर आल्यावर असतं तसं होतं. त्या मनाने माणूस समोरच्यावर संशय घेत नाही.

पावणेदहाच्या सुमाराला राजवाड्याच्या पांढऱ्या भिंतीच्या कडेने महा रात रस्त्यावरून चालत निघाले. तिथे तो उभा होता. साधारण पंचावन्न-साठीचा, इस्त्री केलेला पांढरा शर्ट, गळ्यात फीत आणि ओळखपत्र, हातात छत्री. "मॅडम, इंडिया?" मी हो म्हटलं. त्याने आधी हात जोडले. मग म्हणाला, "पॅलेसमध्ये आज सकाळी पूजा आहे, फक्त थाई लोकांना प्रवेश. पर्यटकांसाठी एक वाजता उघडेल." वर माझ्या ओढणीकडे बघून म्हणाला, "खांदे नीट झाका, नाहीतर आत सोडत नाहीत." हे खरंच आहे, खांदे आणि गुडघे झाकल्याशिवाय आत सोडत नाहीत. शंभर टक्के खोट्यात त्याने एक खरी गोष्ट अशी मिसळली. मग फोन काढून बोधगयेचा फोटो दाखवला, महाबोधी मंदिरासमोर तो आणि त्याची बायको. थायलंडहून हजारो लोक बोधगयेला येतात, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट आपल्या देशात येऊन गेलेला माणूस भेटला म्हणून बरं वाटलं.

माझ्याच नकाशावर त्याने पेनने तीन गोल केले. ३२ मीटर उंच उभा बुद्ध, एक छोटं देऊळ, आणि "सरकारी एक्स्पोर्ट सेंटर, आज शेवटचा दिवस". टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, त्यानेच हात करून थांबवली. तीन ठिकाणं, तीन तास, ४० बाथ.

चाळीस बाथ म्हणजे आपले शंभर रुपये. त्या भागात टुकटुकवाले जवळच्या अंतरालाही शंभर-दीडशे बाथ मागतात. तीन तास चाळीसात कोण फिरवेल? तो म्हणाला, सरकारकडून पेट्रोलचं कूपन मिळतं. कूपन मिळतं हे खरं, पण ते दुकानातून मिळतं, गिऱ्हाईक आणून सोडल्याबद्दल. भाडं परवडण्यापलीकडे स्वस्त असेल तर ते तुमच्याकडून दुसरीकडे वसूल होणार आहे, हे हिशेब बघणाऱ्या बाईला कळायला हवं होतं. मान्य.

पण मला सगळ्यात जास्त जाळतो तो क्षण पुढचा आहे. टुकटुक कोपऱ्यावरून वळली तेव्हा मुख्य दरवाजाकडे जाणारी गर्दी मला दिसली. स्वच्छ दिसली. पुढे झेंडा धरलेले गाइड, मागे एकसारख्या टोप्या घातलेले चिनी पर्यटक, उंच गोरी माणसं, सगळे आत चाललेले. वरून भोंग्यावर इंग्रजीत घोषणा चालू होती, पॅलेस रोज उघडा असतो, अनोळखी लोकांवर विश्वास ठेवू नका. ती माझ्या कानावर पडली. मी ड्रायव्हरला विचारलंही, "हे लोक आत कसे?" तो मागे न बघता म्हणाला, "ओन्ली प्रे, मॅडम, ओन्ली प्रे." आणि मी गप्प बसले! झेंड्यामागून टोप्या घालून जाणारी माणसं पूजेला चालली आहेत हे मी मान्य केलं. तिथे टुकटुकमधून उतरून वीस पावलं चालले असते तर हे लिहायची वेळ आली नसती. अजून रात्री झोपेत ती टुकटुक वळते आणि मी उतरत नाही.

उभा बुद्ध खरा होता, सुंदर होता. दुसरं देऊळ अगदी लहान, आत कुणी नाही. फक्त एक सभ्य दिसणारा माणूस एकटा बसलेला. त्याने गप्पा सुरू केल्या. तो म्हणे शिक्षक, मुलगी लंडनला, तिच्या लग्नाचा खर्च रत्नं विकून निघाला. आणि म्हणाला, "टुडे लास्ट डे." पहिल्या माणसाचे तेच तीन शब्द. दोन अनोळखी माणसं, दोन वेगळ्या ठिकाणी, तेच शब्द. ही साखळी असते. पहिला वळवतो, दुसरा खात्री पटवतो, तिसरा पैसे घेतो. दुसरा तुम्हाला काहीच विकत नाही, म्हणून तर तो खरा वाटतो.

दुकान मोठं, थंडगार. काचेपलीकडे कारागीर खडे घासत बसलेले, हातात गार लिंबू सरबत. विक्रेत्याने विचारलं, "फ्लाइट कधी?" मी म्हटलं, उद्या संध्याकाळी. हा प्रश्न कुणी विचारला तर तिथूनच उठा. तक्रार करायला तुमच्याकडे किती तास आहेत, एवढंच त्याला जाणून घ्यायचं असतं.

मग त्याने ट्रेमध्ये निळा खडा ठेवला आणि म्हणाला, "नीलम. शनी." मराठी बाईसमोर हे दोन शब्द उच्चारायला त्याला कुणी शिकवलं असेल? माझा मुलगा कुंभ राशीचा, साडेसाती चालू, दीड वर्षं नोकरी नाही. मी विचारलं, नीलम सगळ्यांना लाभत नाही, आधी उशाखाली ठेवून बघतात, मग काय करायचं? तो लगेच म्हणाला, "नाही लाभला तर इंडियात दुप्पट भावाने विका." एक नीलम अंगठीत बसवलेला, दोन माणकं कानातल्यांसाठी. ४८,००० बाथ सांगितले, ३४,५०० वर आला. प्रमाणपत्र दिलं, त्यावर सोनेरी शिक्का. पावतीवर खाली बारीक अक्षरात ओळ होती, विकलेला माल परत घेतला जाणार नाही, आणि तिथेच सही होती. मी सही केली. मशीनमध्ये पिनही मीच टाकला.

२.५२ दराने ८६,९४० रुपये, साडेतीन टक्के परदेशी व्यवहाराचं शुल्क ३,०४२ रुपये ९० पैसे, त्यावर जीएसटी ५४७ रुपये ७२ पैसे. बेरीज तुम्हाला माहीत आहेच.

टुकटुकवाल्याने मग एका शिंप्याच्या दुकानातही नेलं, तिथे मी काही घेतलं नाही. पॅलेसच्या दरवाजाशी पोचले तेव्हा तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. खिडकी बंद. पाटी समोरच होती, साडेआठ ते साडेतीन. पहारेकऱ्याला विचारलं, सकाळी पूजेसाठी बंद होतं ना? त्याने मान हलवली आणि बोटाने दुसरी पाटी दाखवली, भोंग्यावर चाललेली तीच सूचना. ज्या ५०० बाथच्या तिकिटासाठी मी आले होते, ते काढायचं राहिलं ते राहिलंच. पाचूचा म्हणून प्रसिद्ध असलेला, पण खरं तर दुसऱ्याच हिरव्या दगडाचा, जेमतेम ६६ सेंटिमीटरचा तो बुद्ध मी पाहिला नाही. भिंतींवर रामायण रंगवलंय, तेही नाही.

टॅक्सी करून दुकानात परत गेले. सकाळी वाकून नमस्कार करणारा विक्रेता ओळख दाखवेना. मॅनेजर बाहेर गेलेत म्हणाला. मी आवाज चढवला तेव्हा दाराजवळचा माणूस माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, काही न बोलता.

तिथून जवळची पोलीस चौकी गाठली. पन्नास मिनिटं बाकावर. मग एका अधिकाऱ्याने पावती बघितली आणि म्हणाला, "तुम्ही निवडलं, तुम्ही सही केली, चोरी कुठे झाली?" थाई भाषेत अर्धं पान लिहून माझ्याकडून सही घेतली, एक प्रत हातात दिली. त्यात काय लिहिलंय ते विमानात शेजारच्या थाई मुलीने वाचून दाखवलं. "पर्यटकाला खरेदीबद्दल असमाधान आहे." असमाधान! त्या मुलीनेच सांगितलं की पर्यटक पोलिसांचा वेगळा नंबर असतो, ११५५, इंग्रजीत बोलतात, अशा तक्रारी त्यांच्याकडेच न्यायच्या असतात. चौकीत एवढा वेळ बसले होते, समोर चार गणवेशधारी होते, एकाला तो नंबर सांगावासा वाटला नाही. विमान सुटल्यावर तो मला कळला.

इथे आल्यावर बँक. तेवीस मिनिटं होल्डवर, मग फॉर्म, मग पुन्हा तोच फॉर्म कारण आधीचा "सिस्टीममध्ये दिसत नाही". एक्केचाळीस दिवसांनी दोन ओळींचा मेल आला, पिन वापरून व्यवहार झाला आहे, सबब ग्राह्य धरता येत नाही. पिन चोरीला गेला असं मी कुठे म्हटलं होतं? फसवून विकलं असं म्हटलं होतं. माझा अर्ज कुणी वाचलाच नाही. आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात गेले तर साहेब म्हणाले, परदेशातला गुन्हा, आमची हद्द नाही. वर "एकट्या कशाला गेलात?" हेही विचारलं. या प्रश्नाचा राग मी विसरणार नाही. एकटी गेले हा गुन्हा नाही. नवराबायकोच्या जोड्याही त्याच दुकानात खडे बघत बसल्या होत्या.

मुंबईत खडे तपासून घेतले. तिथे जे कळलं ते नीट वाचा, सगळी मेख तिथे आहे. नीलम खोटा नाही. खरा खडा आहे, पण हलका, तापवून रंग आणलेला. माणकंही खरी, पण भेगांत शिशाची काच भरलेली. सराफ म्हणाले, सगळं मिळून सहा-सात हजार, तेही ओळखीत. म्हणजे दुकानदाराने "अस्सल" म्हणून जे दिलं ते शब्दशः अस्सलच आहे. म्हणूनच त्याला कुणी हात लावत नाही. किंमत पाचपट-दहापट लावणं हा गुन्हा ठरवणं अवघड असतं आणि हे त्याला पक्कं ठाऊक असतं. खड्यांचं प्रमाणपत्र विकणाऱ्याच्याच दुकानातलं असेल तर त्याला रद्दीची किंमत.

एक मान्य करते, राजघराण्याच्या समारंभांसाठी पॅलेस अधूनमधून खरंच बंद असतो. पण ते पॅलेसच्या स्वतःच्या वेबसाइटवर कळतं, रस्त्यावरच्या माणसाकडून नाही. नकाशावर दुसऱ्या कुणाला पेन टेकवू देऊ नका. जायला-यायला मेट्रो, नदीतली बोट, नाहीतर ग्रॅब किंवा बोल्ट ॲपवरून बोलावलेली गाडी. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहाराची मर्यादा दहा-पंधरा हजारांवर आणून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि ती मर्यादा असती तर माझा व्यवहार त्या मशीनवर तिथेच अडकला असता.

बँकेच्या उत्तराविरुद्ध मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज टाकलाय, अजून निकाल नाही. आमच्या भिशीतल्या वहिनी पुढच्या महिन्यात लेकीबरोबर बँकॉकला चालल्यात. त्यांच्या पासपोर्टच्या कव्हरच्या आत मी स्वतः पेनने ११५५ लिहून दिलंय.