लाराव्हेल क्यू आणि सुपरवायझर: सगळं छान, पण ते ९० सेकंद!

लाराव्हेल म्हणजे पीएचपी या भाषेत वेबसाइट बांधायची तयार चौकट. तिची क्यू म्हणजे मागे करायच्या कामांची रांग, आणि सुपरवायझर म्हणजे ती कामं करणाऱ्या प्रोग्रामवर पहारा ठेवणारा प्रोग्राम. या जोडीवर माझा जो काही राग आहे तो एका आकड्यावर आहे. बाकी काम चोख आहे, हे आधीच सांगून टाकतो.

अप्पा बळवंत चौकात काकांचं शालेय पुस्तकांचं दुकान आहे, त्याची वेबसाइट मी बघतो. प्रकाशकाची दरयादी एक्सेलमध्ये येते, ती चढवायची, आणि ज्यांनी नाव नोंदवलंय त्यांना 'पुस्तक आलंय' असा एसएमएस टाकायचा. जुन्या शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांच्या साइट एकाच सर्व्हरवर असतात तिथे, यातलं काहीच धड व्हायचं नाही. पीएचपीची स्क्रिप्ट चालायची मुदत ३० सेकंद, आणि सपोर्टवाल्यांचं पालुपद एकच, 'वरचा प्लॅन घ्या'. गंमत म्हणजे लिनक्सवर त्या ३० सेकंदांत डेटाबेसची वाट बघण्याचा वेळ धरतच नाहीत. त्यामुळे स्क्रिप्ट कधी मधेच मरायची, कधी चालत राहायची. चालली तर ६० सेकंदांनी एनजिनएक्स हा वेब सर्व्हर कंटाळून ५०४, म्हणजे 'वेळ संपली' अशी चूक दाखवायचा, पण मागे पीएचपी चालूच! काका पुन्हा बटण दाबायचे आणि तीच यादी दुसऱ्यांदा चढायची.

म्हणून वरचा प्लॅन न घेता स्वस्तातला व्हीपीएस, म्हणजे आपल्या ताब्यातला आभासी सर्व्हर, घेतला. आता बटण दाबलं की क्यूमध्ये फक्त जॉबची, म्हणजे करायच्या कामाची, नोंद होते आणि पान लगेच परत येतं. खरं काम वर्कर करतो, म्हणजे कमांड लाइनवर सतत चालणारा प्रोग्राम, तिथे पीएचपीला वेळेची मर्यादाच नसते. वर्कर पडला तर सुपरवायझर त्याला उठवतो. फसलेला जॉब फेल्ड जॉब्सच्या टेबलात कारणासकट सापडतो आणि एका कमांडने परत चालवता येतो. याच्यावर मी खूश आहे.

आता ते ९०. क्यूच्या कॉन्फिगमध्ये 'रिट्राय आफ्टर' नावाची सेटिंग असते, मूळ किंमत ९० सेकंद. तेवढ्यात जॉब संपला नाही तर तो मेला असं समजून दुसरा वर्कर उचलतो. आमचा एसएमएसचा जॉब पाच-सहा मिनिटांचा. त्याचा टाइमआउट, म्हणजे जॉबला जास्तीत जास्त किती वेळ चालू द्यायचं तो आकडा, मी जॉबच्या क्लासमध्ये भरपूर वाढवला होता, पण हे घड्याळ निराळ्या फायलीत. त्यात वर्कर दोन, आणि ट्राइज, म्हणजे एका जॉबचे प्रयत्न, ३, लाराव्हेलच्या डॉक्युमेंटेशनच्या नमुन्यात आहे तसे. ऐन जूनमध्ये एकेकाला दोन-दोन मेसेज. एसएमएसला पैसे पडतात हो! एक आजोबा काउंटरवर फोन पुढे करून म्हणाले, "दोनदा कळवलंत, म्हणजे दोन प्रती ठेवल्यात ना?" काका म्हणाले, "प्रत एकच आहे. दुसरा मेसेज आठवणीसाठी."

त्या रात्री मी सगळं उपटून साध्या क्रॉनवर, म्हणजे ठरलेल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या सोयीवर, जायला निघालो होतो. पण शांत डोक्याने बघितल्यावर ९० मागचं कारण पटलं. वर्कर खरंच मेला, तर जॉब त्याच्या नावावर कायमचा अडकून पडू नये, एवढीच ती सोय आहे. नियमही सरळ आहे, टाइमआउट नेहमी रिट्राय आफ्टरपेक्षा थोडा कमी ठेवायचा. पण मग दोन आकडे दोन फायलींत का ठेवले, आणि त्यांचं जमत नसेल तर वर्कर सुरू होतानाच बोंब का मारत नाही? यावरचा माझा राग कायम आहे.

शेवटी ती ९० ची मुदत वाढवलीच नाही, कामाचे तुकडे केले. पन्नास नंबरांचा एक जॉब. तो ९० सेकंदांच्या बराच आत संपतो, आणि फसला तरी पन्नासांपुरताच फसतो.

अजून दोन गोष्टी. वर्कर जुना कोड मेमरीत धरून बसतो. सप्टेंबर २०२५ मध्ये वह्यांवरचा १२ टक्के जीएसटी शून्य झाला, तेव्हा नवा कोड सर्व्हरवर चढवायच्या स्क्रिप्टमध्ये वर्कर नव्याने सुरू करायला लावणारी 'क्यू रिस्टार्ट' ही कमांड नसती, तर कोड बदलूनही बिलं जुन्याच दराने निघाली असती. आणि सुपरवायझर थांबवताना वर्करला मुळात १० सेकंदच देतो, मग थेट ठार. ती मुदत तेवढी वाढवून घ्या.

काकांची तक्रार वेगळीच आहे. बटण दाबल्यावर लगेच 'झालं' दिसतं आणि यादी तर चढलेली नसते. लाराव्हेलच्या जॉब बॅचिंगमध्ये, म्हणजे अनेक जॉबांचा एक गट करून, किती टक्के काम झालं ते दाखवता येतं. पुढच्या जूनआधी ते बसवणार, कारण "झालं का रे?" चे फोन मलाच येतात.