डीएसएसएटी ४.८ : संगणकात भरणारा गव्हाचा दाणा

वाढते तापमान आणि वाढता कार्बन डायऑक्साइड यांचा रब्बी गव्हावर काय परिणाम होईल, हे तपासण्यासाठी गेले तीन हंगाम मी डीएसएसएटी ही पिकाची वाढ संगणकावर गणिताने साकारणारी प्रणाली वापरत आहे. चाळीसहून अधिक पिकांची प्रारूपे (वाढीची गणिती मॉडेल) असलेली ही प्रणाली विनामूल्य मिळते आणि गव्हासाठी तिच्यात सीरिस हे जुने, चांगले रुळलेले प्रारूप आहे.

खरी मेहनत हवामानाच्या फाइलपाशी होते. रोजचे कमाल व किमान तापमान, पाऊस आणि सौर प्रारण, म्हणजे जमिनीवर पडणारी सूर्याची ऊर्जा (मेगाज्यूलमध्ये), असे आकडे लागतात. मला एका वेधशाळेकडून प्रारणाऐवजी सूर्यप्रकाशाचे तास मिळाले आणि ते मी तसेच त्या रकान्यात भरले. नऊ तास हे नऊ मेगाज्यूल म्हणूनही खपून जातात. प्रकाश असा कमी धरला गेल्याने गहू उपाशी राहतो आहे, हे ध्यानात यायला आठवडा गेला.

तापमानाचा हिशेब मात्र चोख आहे. दाणा भरण्याचा काळ येथे दिवसांत नव्हे, अंश-दिवसांत, म्हणजे आधार तापमानाच्या वरच्या रोजच्या सरासरी अंशांच्या बेरजेत, मोजला जातो. आधार तापमान शून्य धरले, तर ५०० अंश-दिवस लागणाऱ्या वाणाला सरासरी २० अंशांत २५ दिवस मिळतात आणि २२ अंशांत जेमतेम २३. तेवढ्याने दाणा चिमतो. तापमानात २ अंश मिळवून पाहिले, की निकालात दर चौरस मीटरमधील दाण्यांची संख्या आणि एका दाण्याचे वजन वेगवेगळे दिसते, त्यामुळे घट नेमकी कुठे झाली ते कळते. मला हीच सोय सर्वांत मोलाची वाटते.

कार्बन डायऑक्साइडचे गणित त्या मानाने ढोबळ आहे. प्रकाशापासून घडणाऱ्या शुष्क पदार्थाला एका गुणकाने गुणले जाते. गव्हात हा गुणक मोठा, मक्यात लहान. दाण्यांची संख्या फुलोऱ्याच्या वेळच्या उभ्या पिकाच्या वजनावरून ठरत असल्याने हा लाभ थेट संख्येत उतरतो, पण ऐन फुलोऱ्यात उन्हाच्या तडाख्याने वांझ राहिलेली फुले हिशेबात येत नाहीत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३० गहू-प्रारूपांचा मध्यक (निकाल चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) कोणत्याही एकट्या प्रारूपापेक्षा अचूक ठरला होता आणि त्याने दर अंशामागे गव्हाच्या जागतिक उत्पादनात सुमारे ६ टक्के घट दाखवली होती, हेही येथे लक्षात ठेवावे लागते. उशिरा पेरलेल्या गव्हाचे आकडे कोणापुढे मांडण्याआधी मी शेतातल्या दहा ओंब्या तळहातावर चोळून दाणे मोजतो.