पोर्च, टाकी आणि अंगणाचा कोबा तोडून घेतला, त्याला नऊ महिने झाले

काम जानेवारीत झालं, लिहितेय ऑक्टोबरमध्ये. मुद्दामच थांबले होते. तोडफोडीचं काम कसं झालं हे शेवटच्या डंपरची धूळ खाली बसली की कळत नाही, एक पावसाळा जावा लागतो.

घर पुण्यात सहकारनगरला, सासऱ्यांनी १९७९ साली बांधलेलं. त्यातल्या तीन गोष्टी म्हाताऱ्या झाल्या होत्या: समोरचा गाडीचा पोर्च, गच्चीवरची आरसीसीची (म्हणजे आत लोखंडी गज घातलेल्या काँक्रीटची) पाण्याची टाकी आणि मागच्या अंगणातलं काँक्रीट. पोर्चच्या स्लॅबचे पोपडे गाडीच्या टपावर पडायला लागले होते. आत गज गंजले की फुगतात आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतात, वरून कितीही गिलावा करा. दोनदा केला होता, दोन्हीदा पडला.

तीन कोटेशन्स घेतली: ३८ हजार, ६२ हजार आणि ९५ हजार. पहिल्याने पाच मिनिटं घर बघून आकडा सांगितला. मी विचारलं, पोर्चचा स्लॅब घराच्या बीममध्ये गेलाय, तिथं कसं करणार? "काही होत नाही मॅडम, हिल्टी लावली की दोन दिवसांत खाली." (आपल्याकडे कुठल्याही कंपनीच्या ब्रेकरला, म्हणजे काँक्रीट फोडायच्या मशीनला, हिल्टीच म्हणतात.) आणि तोडलेला माल कुठं टाकणार? "टाकतो कुठंतरी, तुम्ही कशाला काळजी करता." त्या "कुठंतरी"चा अर्थ पुण्यात मुठा नदीचा काठ किंवा एखाद्या टेकडीचा पायथा, हे सांगायला नको. तिसरा सगळंच डायमंड कटरने कापून तुकडे उतरवणार होता. स्वच्छ काम, पण एवढ्याशा पोर्चला ते म्हणजे भाजी चिरायला तलवार.

मधल्याला काम दिलं, कारण त्याने न विचारता एक गोष्ट सांगितली. पोर्च आणि घर यांच्या जोडावर आधी कटरने खाच मारून स्लॅब मोकळा करायचा, ब्रेकर त्यानंतर. खाच नसली तर ब्रेकरचा हादरा तोच गज धरून घराच्या बीमपर्यंत पोचतो. आमच्या ओळखीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने येऊन तेच सांगितलं, आणि घराजवळचा शेवटचा नऊ इंचांचा पट्टा छिन्नी-हातोडीनेच काढायला लावला. त्यांची फी ३,५०० रुपये झाली. या कामात सगळ्यात सार्थकी लागलेले पैसे तेच.

सौदा करताना भंगार विसरू नका. ठेकेदार फार सहज म्हणतो, "लोखंड आमचं." आमच्या पोर्च आणि टाकीत मिळून सव्वादोनशे घनफुटांच्या आसपास आरसीसी होतं. इंजिनिअरसाहेबांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब करून सांगितलं, पाचशे किलोच्या आगेमागे गज निघतील. त्या आठवड्यात भंगारवाला किलोला ३० रुपये देत होता. म्हणजे पंधरा हजारांची गोष्ट "लोखंड आमचं" या दोन शब्दांत जात होती. शेवटी लोखंड त्याचं, पण कोटेशनमधून १० हजार कमी, असं ५२ हजारांवर लेखी ठरलं. प्रत्यक्षात ४६० किलो निघालं. जुन्या पिळाच्या सळ्या होत्या, काही ठिकाणी गंजून बारीक झालेल्या. त्या बघितल्यावर इतकी वर्षं त्याखाली गाडी लावत होतो या विचाराने अंगावर काटा आला.

काम सहा दिवसांचं सांगितलं होतं, लागले अकरा. मुकादम कलबुर्गीकडचा, त्याच्या हाताखाली चार माणसं. माणूस कमी बोलणारा, पण कामातला. पोर्चच्या पुढच्या छज्जाला त्याने आधी टेकू दिले आणि बाहेरच्या टोकाकडून आत तोडत आला. मी विचारलं तर म्हणाला, "ताई, छज्जाचं लोखंड वर असतं. आतून तोडलं तर सगळा एकदम येतो अंगावर." हे कळणारा मुकादम असेल तर निम्मी काळजी मिटते. धुळीचं मात्र मला रोज सांगावं लागलं. पाणी मारत मारत तोडायचं ठरलं होतं, पण पाइप धरायला एक माणूस अडकतो म्हणून दुपारनंतर पाणी बंद. ही धूळ साधी नसते, सिलिका छातीत जाऊन बसते. मास्कचं खोकं मी स्वतः आणून दिलं. दोघांनी लावले, दोघांचा गमछावरच विश्वास.

आवाजासाठी आठवडाभर आधी गल्लीत सगळ्यांना सांगून आले होते. शेजारच्या सोसायटीत बारावीची दोन मुलं, म्हणून सकाळी नऊ ते एक आणि तीन ते सहा अशी वेळ ठरवली. शेजारच्या काकांच्या ओट्यावरच्या फरशा एक ढेकूळ पडून फुटल्या, १,८०० रुपये मीच दिले. काका "राहू दे" म्हणाले, पण त्या "राहू दे"चा सूर आपल्याला कळतो.

आता मुख्य भांडण. तोडायला माणसं हवी तितकी मिळतात, अडतं ते उचलण्यापाशी. कोटेशनमध्ये लिहिलं होतं "माल वाहतूक २ ट्रिप". ठेकेदाराने मापं घेऊन काँक्रीट काढलं होतं ३८० घनफूट, म्हणजे चार ब्रासला थोडं कमी (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). डंपर दोन ब्रासचा, म्हणून दोन ट्रिप. गणित दिसायला बरोबर. पण तोडलेला माल फुगतो. ढेकळांमध्ये हवा राहते, वेडेवाकडे गज राहतात, चार ब्रासचे सहज सहा होतात. तिसरी ट्रिप लागली तेव्हा त्याने ६ हजार वेगळे मागितले. मी म्हटलं, वीस वर्षं हा धंदा करताय, माल फुगतो हे तुम्हाला माहीत नव्हतं? तो म्हणाला, तुम्ही कागद वाचून सही केलीत. दोघांचंही बरोबर, म्हणून तीन-तीन हजारांवर मिटलं. कोटेशनमध्ये ट्रिप किती ते लिहून घेऊ नका. "जागा झाडून मोकळी करून देणे" असं लिहून घ्या, मग ट्रिप दोन लागोत की पाच.

वजनाचाही अंदाज असू द्या. एक ब्रास आरसीसीचं वजन ७ टनांवर जातं. आमचा सगळा माल मिळून २६-२७ टन. तो दोन दिवस पोर्चच्या जागेवर ढीग करून ठेवला होता ते ठीक, पण एका संध्याकाळी गच्चीवर टाकी फोडून तिचा ढीग तिथंच ठेवून माणसं घरी निघाली होती. मी थांबवलं. टाकी खांबांवर उभी होती, तिचं ओझं खांबांतून खाली जात होतं. ढीग मात्र मधल्या स्लॅबवर. त्याच रात्री साडेआठपर्यंत घमेल्यांनी माल खाली उतरवला, आणि मी त्यांना वडापाव आणून दिला.

राडारोडा कुठं गेला? तेव्हाच्या, म्हणजे २०१६ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे बांधकामाचा आणि पाडकामाचा कचरा वेगळा ठेवून ठरलेल्या जागीच द्यायचा असतो, रस्त्यावर किंवा नाल्यात टाकायचा नसतो. महिन्याला ३०० टनांच्या वरच्या कामांना त्यात जास्त कडक अटी होत्या. आमचं त्याच्या दहाव्या हिश्शाएवढंही नाही, पण जबाबदारी सुटत नाही. महापालिकेचा प्रक्रिया प्रकल्प वाघोलीला आहे. मी प्रत्येक ट्रिपची पावती मागितली होती. दोनच्या मिळाल्या. तिसऱ्या ट्रिपबद्दल "एका साइटवर भरावाला दिला" असं उत्तर आलं. असेलही. मला खात्री नाही, आणि ते डोक्यात राहिलंय.

नंतरच्या महिन्यांत काय झालं ते सांगते, कारण हे कुणी लिहीत नाही.

मार्चमध्ये मागच्या अंगणात वास यायला लागला. आधी उंदीर मेला असेल म्हणून दोन दिवस शोधला. मग अंगणातली माती एका जागी ओलीच राहतेय हे लक्षात आलं. काँक्रीटखालून ड्रेनेजचे जुने चिनी मातीचे पाइप गेले होते, त्यातला एक ब्रेकरच्या टोकाने तडकला होता. ठेकेदाराचं उत्तर: "आधीच फुटलेला असणार." सिद्ध काय करणार? प्लंबरने दोन लांबी बदलून पीव्हीसी घातली, ७,५०० रुपये. चूक माझीही. काम सुरू होण्याआधी दोन्ही चेंबरची झाकणं उघडून, मध्ये दोरी ताणून खडूने रेघ मारली असती तर त्या पट्ट्यात ब्रेकर न लावता पहारीने काढायला सांगता आलं असतं.

जुलैत वरच्या खोलीच्या छताला तपकिरी डाग. टाकीचे चार खांब गच्चीच्या पातळीला कापले होते आणि गजांची तोंडं तशीच उघडी. पाणी त्या सळीच्या कडेने आत उतरत होतं. टाकी तोडायची ठरलेली, तोडली, पण नंतर तिथली जागा बंद कोण करणार हे कुठल्याच कागदावर नव्हतं. इथं मात्र ठेकेदाराचं कौतुक करायला हवं. फोन केल्यावर तिसऱ्या दिवशी तोच मुकादम दोन माणसं घेऊन आला. सळ्या इंचभर खोल कापल्या, घासल्या, गंजरोधक लावलं, पॉलिमर मॉर्टरने भरलं, वर वॉटरप्रूफिंगचे दोन हात. सामानाचे २,४०० घेतले, मजुरी नाही. सप्टेंबरच्या पावसात डाग पुढे सरकला नाही.

पोर्चच्या जोडाजवळ, बाथरूमच्या खिडकीवर एक केसाएवढी भेग दिसते. काम सुरू होण्याआधी मी घराचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले होते, त्यात ती अंधूक का होईना पण आहे. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहिली होती. नऊ महिन्यांत खूण ओलांडली नाही.

अंगणाचं सुख वेगळंच. पूर्वी पावसात मागच्या दाराशी पाणी साचायचं, यंदा चार इंच काँक्रीट गेल्यावर जमिनीने ते पिऊन टाकलं. खालचं सोलिंगही (काँक्रीटखालचा दगडांचा थर) काढून घ्यायला सांगितलं होतं, नाहीतर वर माती टाकून नुसती फसवणूक. तिथं लावलेल्या पारिजातकाला पहिल्याच वर्षी फुलं आली.

सगळा खर्च ७०,२०० रुपये. त्यात इंजिनिअर, फरशा, प्लंबर आणि गच्चीचं सामान धरलंय. पाचपैकी साडेतीन तारे देईन. एक तारा पाइपसाठी कापला, अर्धा त्या तिसऱ्या पावतीसाठी. मुकादम तोच येणार असेल तर परत याच ठेकेदाराला बोलवीन, आणि बोलवायचं आहेच. धुण्याच्या दगडाखालचा काँक्रीटचा चौथरा तेवढा राहिलाय. त्याचे ४ हजार सांगितलेत. सासूबाई म्हणतात, तो दगड त्यांच्या सासूबाईंनी बसवून घेतलाय, हलवायचा नाही. म्हणून तूर्त त्याच्या भोवतीने माती टाकलीय.